मोहल्ल्याचे अग्निशमन केंद्र : एक फर्ज-ए-किफाया

अल्लाहची स्तुती करून आणि अंतिम प्रेषितांवर (स.) दरूद व सलाम पाठवून मदीनेतील एका रात्रीपासून आरंभ करतो.

हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलेला हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका रात्री मदीनेबाहेर मोठा आवाज झाला आणि लोक घाबरून उठले. काही जण धीर करून आवाजाच्या दिशेने निघाले. वाटेत त्यांना प्रेषित (स.) समोरून परत येताना दिसले. लोक घराबाहेर पडेपर्यंत ते तेथे जाऊन, पाहणी करून आलेही होते. हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घोड्यावर ते खोगीर न घालताच बसले होते आणि गळ्यात तलवार लटकत होती. घाबरू नका, असे ते लोकांना सांगत होते. तो घोडा मंद चालीचा म्हणून ओळखला जात असे. प्रेषितांनी (स.) मात्र त्याचे कौतुक केले आणि त्याच्या धावेला समुद्राची उपमा दिली.

हा प्रसंग आपण प्रेषितांच्या (स.) शौर्याचे उदाहरण म्हणून ऐकतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. संकटाची चाहूल लागताच सर्वांत आधी कोणी जायचे, हा प्रश्न त्या वस्तीत अनुत्तरित नव्हता.

आमच्या मोहल्ल्यात तो अनुत्तरित आहे. आमचे शहर लहान आणि यंत्रमागाचे आहे. घरे एकमेकांना चिकटलेली, खाली माग किंवा दुकान आणि वर संसार. मागच्या हिवाळ्यात फज्रच्या अजानपूर्वी गाद्या भरण्याच्या एका दुकानाला आग लागली. दुकानाच्या माळ्यावर एक कुटुंब झोपलेले होते. अल्लाहच्या कृपेने ती माणसे शेजारच्या पत्र्यावरून बाहेर पडली. मुलीच्या लग्नासाठी जमविलेले सामान मात्र राख झाले. अग्निशमन दलाचा बंब बोलावल्यावर वेळेत आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो गल्लीच्या तोंडाशी अडकला. पुढे दुचाक्या होत्या, ओटे होते, एका घराने पुढे काढलेला पत्रा होता. आम्ही शे-दीडशे पुरुष तेथे उभे होतो. कोणी घरातून बादल्या आणत होते, कोणी ओरडत होते, आणि बरेच जण मोबाइलवर चित्रण करीत होते. विजेचा मुख्य खटका कोठे आहे, हे एकालाही ठाऊक नव्हते.

त्यानंतर काही तरुणांनी मशिदीच्या विश्वस्तांपुढे एक प्रस्ताव ठेवला. मोहल्ल्याचे स्वतःचे स्वयंसेवी अग्निशमन केंद्र असावे, लहानसे पण चोवीस तास जागे. त्यावर दोन आक्षेप आले. एका वयस्कर बंधूंनी विचारले की मशिदीचा या कामाशी संबंध काय? दुसऱ्यांचे म्हणणे असे की हे नगरपालिकेचे काम आहे. आपण केले तर ती आपले काम सोडून देईल. दोन्ही आक्षेप करणारे आदरणीय आहेत आणि त्यांचा हेतू शुद्ध आहे. म्हणून उत्तरही नीट दिले पाहिजे.

पहिला आक्षेप धर्माचा आहे. शरीअतमध्ये काही कर्तव्ये प्रत्येक व्यक्तीवर असतात, जशी नमाज आणि रोजा. काही कर्तव्ये साऱ्या वस्तीवर मिळून असतात. काही जणांनी ती पार पाडली तर सर्व मुक्त होतात. कोणीच पार पाडली नाहीत तर सर्व गुन्हेगार ठरतात. यालाच फर्ज-ए-किफाया म्हणतात. जनाजाची नमाज हे त्याचे सर्वांना परिचित उदाहरण. मयतासाठी कफन, कबर खोदणारे आणि जनाजा उचलणारे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात तयार असतात. एका हाकेवर चाळीस माणसे जमतात. जिवंत माणूस जळत असता त्याच्यासाठी धावणारी चार शिकविलेली माणसे मात्र नसतात. मृताचा हक्क आपण ओळखला आणि जिवंताचा विसरलो, असे म्हणण्याची वेळ येऊ नये.

या कामाचे मोल फुकहांनी किती मानले, ते एका मसल्यावरून कळते. नमाज सुरू केल्यावर ती विनाकारण तोडणे वैध नाही. परंतु कोणी बुडत असेल किंवा आगीत सापडला असेल आणि नमाजी त्याला वाचवू शकत असेल, तर नमाज तोडून त्याच्याकडे धावणे वाजिब आहे, असे हनफी फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट लिहिले आहे. ज्या कामासाठी सफ सोडून जाण्याचा आदेश आहे, त्याची तयारी मशिदीत करण्यास हरकत कशी असेल? एका जिवाला वाचविणे म्हणजे साऱ्या मानवजातीला जीवन देणे, हा सूरह मायदाच्या 32 व्या आयतीचा आशय आपण सभांमधून वारंवार सांगतो. तो जिन्याच्या अरुंद पायऱ्यांवर कसा अमलात येतो, हेही सांगितले पाहिजे.

आगीविषयी तर प्रेषितांची (स.) शिकवण अगदी थेट आहे. मदीनेत एका रात्री एक घर त्यातील माणसांसह जळाले. ते कळल्यावर त्यांनी आगीला माणसाचा शत्रू म्हटले आणि झोपण्यापूर्वी ती विझविण्याचा आदेश दिला. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही आले आहे: उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घरातील माणसांसह घर पेटवून देतो. या मार्गदर्शनाचा रोख पाहा. केवळ दुआ करा असे सांगून ते थांबले नाहीत. आग कशामुळे लागते ते दाखविले आणि उपाय सांगितला. आज वातीच्या जागी जुनाट वायरिंग आहे, रात्रभर गादीवर चार्ज होणारा मोबाइल आहे, मागाच्या खाली साचलेला रुईचा भुसा आहे. झोपण्यापूर्वी शेगडीची कळ आणि सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणारी गृहिणी ही त्याच आदेशाचे पालन करीत असते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. अग्निशमन हे नगरपालिकेचे काम आहे यात शंका नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवा नावानिशी आहे. त्या सेवेसाठी आपण कर देतो आणि ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे. मोहल्ल्याचे केंद्र तिची जागा घेण्यासाठी नाही. पण फोम, रेक्झिन आणि कृत्रिम धाग्यांनी भरलेली खोली तीन ते पाच मिनिटांत सर्वांगाने पेटू शकते. तेवढ्या वेळात शहराच्या दुसऱ्या टोकाहून बंब येणे कोणत्याही नगरपालिकेला कठीण आहे. ती मिनिटे शेजाऱ्यांचीच असतात. म्हणून केंद्राचा पहिला नियम असा असावा की सर्वांत आधी एकाने 101 किंवा 112 वर कळवायचे आणि मगच इतरांनी साहित्याला हात लावायचा. शिक्षणही अग्निशमन दलाच्या जवानांकडूनच घ्यावे. दलाला लेखी विनंती करावी आणि आपल्या स्वयंसेवकांची यादी त्यांच्याकडे द्यावी. चिली या देशात तर अग्निशमनाचे सारे काम स्वयंसेवकच करतात आणि जर्मनीत बहुसंख्य अग्निशमन कर्मचारी स्वयंसेवक आहेत. तेव्हा आपण काही विचित्र मागत नाही.

आता आराखड्याकडे वळू. प्रथम जागा आणि पैसा, कारण सद्हेतूच्या भरात येथेच चूक होते. मशिदीची जागा ज्या हेतूने वक्फ झाली, त्याच हेतूने ती वापरली गेली पाहिजे. काम पुण्याचे आहे म्हणून वुजूखान्यामागची खोली परस्पर घेता येणार नाही. मशिदीची भाड्याची दुकाने असतील तर त्यांपैकी एक रीतसर करार करून, चालू दराने भाडे देऊन घ्यावे. विश्वस्तांनी वक्फ मंडळाचे नियम आधी पाहावेत. पैशाबाबतही तेच. सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातचे आठ हक्कदार ठरवून दिले आहेत, आणि हनफी मतानुसार जकातची रक्कम गरजूच्या मालकीची व्हावी लागते. पंप आणि पाइप जकातमधून घेता येणार नाहीत. त्यासाठी लिल्लाह आणि सदका आहे. ज्याचे घर जळाले आणि जो जकातचा हक्कदार आहे, त्याला मात्र जकात जरूर द्यावी. ते वेगळे खाते असू द्या.

पाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. हजरत साद बिन उबादा (रजि.) यांनी दिवंगत आईच्या वतीने कोणता सदका उत्तम, असे विचारले तेव्हा प्रेषितांनी (स.) पाणी असे उत्तर दिले, आणि त्यांनी विहीर खोदविली. आपल्याकडे आईवडिलांच्या इसाले सवाबसाठी पाण्याची टाकी बांधून देणारे पुष्कळ आहेत. अशा दात्याने टाकी देतानाच वुजू आणि अग्निशमन असे दोन्ही हेतू लिहून द्यावेत, म्हणजे नंतर वाद उरणार नाही. त्या टाकीची जोडणी अशी करावी की वुजूच्या नळांचे पाणी वरच्या भागातून जाईल आणि आगीच्या पंपाची नळी तळाशी असेल. नळ कोरडे पडले तरी खालचा साठा शिल्लक राहतो. आपल्या देशात मिळणारा लहान, दोघा-चौघांनी उचलून नेण्याजोगा पंप मिनिटाला सुमारे 275 लिटर पाणी फेकतो. दहा हजार लिटरचा राखीव साठा असेल तर तो साधारण छत्तीस मिनिटे चालेल. बंब येऊन उभा राहीपर्यंत एवढे पुरेसे व्हावे. (प्रेषित (स.) एका मुदमध्ये, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत. आपण नळ सोडून ठेवून गप्पा मारतो, याचीही या निमित्ताने आठवण ठेवावी.)

इतर साहित्य फार लागत नाही. कोरड्या पावडरीची अग्निशामक नळकांडी, वाळूच्या बादल्या, होज पाइप, शिडी, जाड घोंगड्या, शिरस्त्राणे, टॉर्च, प्रथमोपचाराची पेटी. खरी अडचण ते विकत घेण्याची नसून सांभाळण्याची आहे. नळकांड्यावरील काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला पाहणारा माणूस नेमला नाही, तर दोन वर्षांनी भिंतीवर केवळ लाल रंगाची शोभा उरेल. अल्लाहला सर्वांत प्रिय ते काम, जे थोडे असले तरी नियमित होते, ही हदीस आपण तहज्जुद आणि जिक्रच्या संदर्भात ऐकतो. नोंदवहीत दर महिन्याला केलेली सही तिच्या कक्षेबाहेर नाही.

माणसांची वाटणी घड्याळ पाहून करावी. पाच नमाजांच्या वेळी मोहल्ल्यात पुरुष असतात; अडचण मधल्या वेळेची आहे. दुपारी बहुतेक पुरुष कामावर असतात, पण रात्रपाळी करून आलेले कामगार घरी असतात. मध्यरात्रीनंतर सारे झोपलेले असता दुसऱ्या पाळीचे मागवाले जागे असतात. या लोकांना विचारून पाळ्या ठरवाव्यात. सर्वांत मोठी पोकळी मात्र जुमाच्या वेळी पडते, कारण तेव्हा सारे पुरुष एका छताखाली असतात आणि घरांत स्त्रिया, मुले व वृद्ध. सूरह निसाच्या 102 व्या आयतीत युद्धप्रसंगी एक गट नमाज पढतो आणि दुसरा पहाऱ्यावर उभा राहतो, मग ते जागा बदलतात, अशी रचना शिकविली आहे. पहारा आणि नमाज या दोहोंना जागा देणारी ही शिस्त आपणही घेऊ शकतो. त्या दिवशीच्या पाळीतील तिघा-चौघांनी जेथे जुमा उशिरा होतो अशा दुसऱ्या मशिदीत आपली नमाज पढावी. शहरात अशी मशीद सहज सापडते.

स्त्रियांना या योजनेतून वगळणे ही मोठी चूक ठरेल. घरगुती आगीचा आरंभ पुष्कळदा स्वयंपाकघरात होतो आणि तेथे पहिली व्यक्ती तीच असते. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) सात मोहिमांत गेल्या, जखमींची शुश्रूषा केली. आमच्या भगिनींना पुढील गोष्टी शिकविणाऱ्या स्त्रियाच असाव्यात: कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी कधीही टाकू नये, शेगडी बंद करून झाकण ठेवावे. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये, रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन 1906 वर कळवावे. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागी टूथपेस्ट, शाई किंवा हळद न लावता वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. एवढे ज्ञान असलेली एक स्त्री प्रत्येक जिन्यावर असेल, तर केंद्रातील पंपाला काम कमी पडेल.

तरुणांना एक गोष्ट कठोरपणे सांगितली पाहिजे. धुराने भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र आणि शिक्षण नसताना शिरणे हे शौर्य नव्हे. आगीत ज्वाळांपेक्षा धूर अधिक जीव घेतो. स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, हा सूरह बकराच्या 195 व्या आयतीतील आदेश येथे विसरता येत नाही. जळून मृत्यू पावणाऱ्या मुस्लिमाला हदीसमध्ये शहीद म्हटले आहे. ती पीडितांसाठी सांत्वना आहे, बेसावधपणाचा परवाना नाही. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन या जहाजाला आग लागली. त्यावर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दोन प्रचंड स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जण प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ आजही तो दिवस देशभर पाळला जातो. ती शिकलेली, आपले कर्तव्य करणारी माणसे होती. कापसाची आग आतल्या आत धुमसत राहते आणि विझली असे वाटून पुन्हा भडकते, हे यंत्रमागाच्या गावाने तरी जाणले पाहिजे. स्वयंसेवकाचे काम ठरलेले आहे: कळविणे, वीज तोडणे, माणसे बाहेर काढणे, आग लहान असेतो विझविणे, आणि बंबासाठी वाट मोकळी करणे. त्यापुढे मागे सरायचे. तिघे प्रवासाला निघाले तरी एकाला अमीर करावे, असे हदीस सांगते. मागे सरण्याचा निर्णय त्या पाळीच्या अमीराचा, आणि तो पाळलाच पाहिजे.

या कामात नियतही बिघडू शकते, आणि त्याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 1720 मध्ये इस्तंबूलमध्ये गेरचेक दावूद नावाच्या, मूळच्या फ्रेंच आणि इस्लाम स्वीकारलेल्या गृहस्थांच्या पुढाकाराने तुलुंबाजी पथक उभे राहिले. लाकडी घरांच्या त्या शहरात हे लोक हातपंप खांद्यावर घेऊन अरुंद गल्ल्यांतून धावत जात. पुढे मोहल्ल्या-मोहल्ल्यांची अशी पथके झाली आणि त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. पण त्याचबरोबर कोणाचे पथक आधी पोहोचले यावरून चढाओढ लागली, आणि मारामारीपर्यंत मजल गेली. घर जळत असताना विझविणारे आपसांत भांडत! आमच्या शहरात मसलक आणि बिरादऱ्यांच्या नावांनी चालणाऱ्या संस्था पाहता हा धोका काल्पनिक नाही. केंद्रावर ना कोणत्या जमातीचे नाव असावे, ना दात्याचे. आणि आगीच्या ठिकाणी चित्रण करणाऱ्याला पाळीतून काढावे.

मोहल्ल्याच्या एका कडेला हिंदू बांधवांची काही घरे आहेत. केंद्र त्यांचेही असेल का, असे एका तरुणाने संकोचत विचारले. यात संकोच कसला? नुबुव्वतपूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी अन्यायग्रस्तांना साहाय्य करण्याचा करार झाला, जो हिल्फुल फुजूल नावाने ओळखला जातो. प्रेषित (स.) त्यात सामील होते आणि नंतरच्या काळातही, इस्लाममध्ये तशा कराराला बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी सांगितले. शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अलै.) यांनी इतकी ताकीद केली की शेजारी वारसदार ठरेल की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले. त्या घरांतील तरुण स्वयंसेवक झाले तर ते आपल्या बरोबरीने पाळी करतील. त्यांची नावे यादीत आधीच आली आहेत, हे लिहिताना आनंद होतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण त्याला पैसा लागत नाही. रस्त्याच्या रुंदीवरून लोकांत वाद झाला तेव्हा प्रेषितांनी (स.) सात हात रुंदी ठरवून दिली. ही हदीस बुखारी व मुस्लिममध्ये आहे. हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. सात हात म्हणजे साडेदहा-अकरा फूट होतात. अग्निशमन बंबाची रुंदी साधारण आठ फूट असते. चौदा शतकांपूर्वी ओझे लादलेल्या उंटांसाठी राखलेल्या वाटेतून आजचा बंब सुखाने जातो! आणि आमच्या गल्ल्या, ज्या नकाशावर बारा फुटांच्या आहेत, त्या आम्ही ओट्यांनी, पायऱ्यांनी, पत्र्यांनी आणि उभ्या गाड्यांनी सात फुटांवर आणल्या. वाटेतून त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा एक भाग आहे, असे आपण मुलांना शिकवितो आणि त्यांना केळीचे साल उचलायला लावतो. ज्या ओट्यावर बसून शिकवितो, तो ओटाच वाटेत असतो.

येत्या रविवारी जोहरनंतर तरुण मंडळी टेप घेऊन प्रत्येक गल्ली मोजणार आहेत. कोठे विहीर आहे, कोठे विजेचा रोहित्र आहे, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत, याची नोंदही तेव्हाच होईल. कोणाचे किती पुढे आले आहे, ते आकड्यासह मशिदीच्या फलकावर न लावता त्या त्या घरी जाऊन सांगितले जाईल. माझ्या घराचा ओटा त्यांनी आधीच मोजला आहे. तो पावणेदोन हात बाहेर आहे. माझ्या वालिद साहेबांनी तो बांधला होता आणि संध्याकाळी ते तेथेच बसत, म्हणून आजवर मी त्याला हात लावू दिला नव्हता. गवंड्याला शनिवारी सकाळी बोलावले आहे.